टॉमी, एक्टॉमी, स्टॉमी: वैद्यकीय शब्दांची मुळं कवितेतून शिकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बी.एस्सी. नर्सिंगचं पहिलं वर्ष. ग्रीक-लॅटिन मुळांची यादी पाठ होते आणि आठवड्याभरात पुसली जाते. हॉस्टेलमधल्या सीनिअर ताईनं सुचवलंय की प्रत्येक मुळावर चार ओळींची कविता कर. यात वेळ वाया जाईल का? आणि आयुष्यात कधी कविता केलेली नसेल तर जमेल का?

जमेल. वेळ वाया जाईल की नाही, ते मात्र तू कविता कशी करतेस त्यावर आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीररचना आणि वैद्यकीय परिभाषा शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि मुलींच्या वह्यांत अशा चारोळ्या मी ढिगानं वाचल्या आहेत. त्यातल्या निम्म्या निकामी असतात. हा घे नमुना:

कार्डिओ म्हणजे हृदय,
रोज होतो सूर्योदय.

यमक जुळलं, मुलगी खूश. पुढे परीक्षेत ‘कार्डिओ’ दिसला की हिला सूर्य आठवतो. ज्या यमकाला अर्थाशी देणंघेणं नाही, ते आठवणीला भलतीकडेच ओढून नेतं. शिवाय ‘कार्डिओ म्हणजे हृदय’ हे कुणालाही आधीच माहीत असतं. त्यावर कविता खर्च करायची गरजच नव्हती.

आता दुसरा नमुना बघ. हीही पहिल्या वर्षाच्याच मुलीची:

टॉमी नुसताच छेद । एक्टॉमी करी उच्छेद ॥
स्टॉमी नवे तोंड लावी । पोटावरी वाट दावी ॥

हिनं तीन शेपट्या एकत्र घेतल्या, ज्या सगळ्यांच्याच डोक्यात एकमेकींत अडकतात. ग्रीक ‘तोमे’ म्हणजे कापणं. त्याला पुढे ‘एक्’, म्हणजे बाहेर, लागलं की कापून बाहेर काढणं. ‘स्तोमा’ म्हणजे तोंड. म्हणून कोलोटॉमीत मोठ्या आतड्याला छेद दिला जातो, कोलेक्टॉमीत आतडं किंवा त्याचा भाग काढूनच टाकतात, आणि कोलोस्टॉमीत आतड्याचं तोंड पोटावर उघडतात. ‘उच्छेद’ हा शब्द तिला यमकासाठी सुचला असणार, पण तो फोडून बघ: उत् अधिक छेद. ‘एक् अधिक तोमे’ची घडण हुबेहूब तशीच आहे. इथे यमकानं अर्थाची बाजू घेतली.

शेवटच्या ओळीवर वर्गात भांडण झालं. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, मग ट्रेकिओस्टॉमी? श्वासनलिकेचं ते तोंड तर गळ्यावर असतं. म्हणून ‘पोटावरी’ जाऊन ‘आतूनिया वाट दावी’ असं झालं. अक्षरं तितकीच राहिली आणि व्याख्या नीट झाली. माझ्या मते त्या कवितेनं खरं काम केलं ते या दुरुस्तीच्या पाच मिनिटांत.

हेच मला सांगायचंय. चार ओळी पुऱ्या करायच्या तर या मुळाचा नेमका अर्थ काय आणि त्याच्या शेजाऱ्यापासून ते वेगळं कुठे पडतं, हे आधी ठरवावं लागतं. यादी पाठ करताना ते ठरवावं लागत नाही, म्हणून यादी टिकत नाही. मानसशास्त्रातही याला आधार आहे: नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी १९७८ साली दाखवलं की नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा स्वतः घडवून काढलेला शब्द जास्त लक्षात राहतो. तेव्हा सीनिअर ताईची वही उतरवून घेऊ नकोस. तिच्या चारोळ्या तिच्या कामाच्या. माझ्या या उत्तरातल्याही पाठ करू नकोस. कशा केल्या तेवढं बघ.

पद्यातून शब्द शिकणं आपल्याकडे जुनंच आहे. अमरकोश अख्खा श्लोकांत आहे, आणि त्याच्या मनुष्यवर्गात शरीराचे अवयव आणि रोगांची नावं ओळीनं येतात. युरोपातही अलेक्झांडर ऑफ व्हिलेडिउ यानं ११९९ च्या सुमारास लॅटिनचं व्याकरण पद्यात बांधलं आणि पुढची काही शतकं मुलं ते घोकत होती. पण ती दुसऱ्यानं रचलेली पद्यं होती. आधी पाठ करायची, अर्थ पुढे कधीतरी गुरुजी सांगणार. तुझ्याकडे तेवढा वेळ नाही, सेमिस्टर आहे.

अमरकोशातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे: एकाच वस्तूची सगळी नावं एका जागी. वैद्यकीय इंग्रजीत जवळजवळ प्रत्येक अवयवाला दोन घरची नावं आहेत. मूत्रपिंड लॅटिनमध्ये ‘रेन’, ग्रीकमध्ये ‘नेफ्रोस’. फुप्फुस लॅटिनमध्ये ‘पुल्मो’, ग्रीकमध्ये ‘न्यूमोन’. त्वचा तिकडे ‘क्युटिस’, इकडे ‘डर्मा’. जीभ ‘लिंग्वा’ आणि ‘ग्लोसा’, नाक ‘नासुस’ आणि ‘ऱ्हिस’, कान ‘ऑरिस’ आणि ‘ओट’. रोगांची वर्णनं आधी ग्रीक वैद्यांनी केली, म्हणून रोगांची नावं बहुतेक ग्रीक. शरीररचनेची मोठी पुस्तकं पुढे लॅटिनमध्ये लिहिली गेली (व्हेसालियसचं १५४३ सालचं), आणि १८९५ मध्ये बाझल इथे अवयवांच्या नावांची जी प्रमाण यादी ठरली तीही लॅटिनच. त्यामुळे धडधाकट अवयवाची शिर किंवा धमनी सांगायची तर रेनल, पल्मनरी, लिंग्वल. तोच अवयव बिघडला की नेफ्रायटिस, न्यूमोनिया, ग्लोसायटिस. एका मुलीनं याची जात्यावरची ओवी केली होती:

माहेरी माझं नाव, रेन रेन म्हणती सारी
दुखणं घेऊन आले दारी, सासू नेफ्रो हाक मारी

ही ओवी इतर अवयवांनाही लावता येते. नाव बदललं की झालं. पण हा नुसता कल आहे, कायदा नव्हे. मूत्रपिंड निकामी झालं तर ‘रेनल फेल्युअर’च म्हणतात, आणि निरोगी मूत्रपिंडातल्या गाळणीला ‘नेफ्रॉन’. ओवीखाली हे अपवाद गद्यात लिहून ठेव. ते पद्यात कोंबायला गेलीस की पद्य मोडतं आणि अपवादही लक्षात राहत नाहीत.

मराठी माध्यमाचा न्यूनगंड असेल तर तो इथेच सोडून दे. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत एका कुळातल्या भाषा आहेत, आणि संस्कृतातले शेकडो शब्द तू रोज बोलतेस. दंत आणि ‘डेंटल’, अस्थि आणि ‘ऑस्टिओ’, नासिका आणि ‘नेझल’, पाद आणि ‘पेडल’, जानु आणि ‘जेनू’ हे खरेखुरे नातेवाईक आहेत. यकृत आणि लॅटिन ‘जेकुर’सुद्धा. उपसर्गांत तर चंगळच: परि म्हणजे ‘पेरि’, दुस् म्हणजे ‘डिस’, सु म्हणजे ‘यू’. जो गोंधळ सगळ्यात धोक्याचा, तो हायपर आणि हायपोचा, तोही इथे सुटतो. ‘हायपर’चा भाऊ ‘उपरि’, म्हणजे वर. ‘हायपो’चा भाऊ ‘उप’, जसा उपप्राचार्य, प्राचार्यांच्या एक पायरी खाली. नकाराचा ‘अ’ तर नियमासकट तोच आहे: व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन्. आपण अशांत म्हणतो पण अनादर म्हणतो. ते अ‍ॅफेजिया (बोलता न येणं) म्हणतात पण अ‍ॅन्युरिया (लघवी न होणं). ‘हायमा’ म्हणजे रक्त. त्यातला ‘ह’ ग्रीकांनी पूर्ण व्यंजन मानला नाही, म्हणून तिथेही अन्. त्यावर हा एक हायकू:

रक्त उणावे
स्वरापुढे ‘अ’ होई
‘अन्’ — अ‍ॅनिमिया

हे नातं जपून वापरायचं. उच्चार सारखा म्हणून कूळ एक, असं नसतं. डिस्प्निया मधला ‘डिस’ ग्रीक, आपल्या ‘दुस्’चा भाऊ: श्वास घ्यायला त्रास. डिसलोकेशनमधला ‘डिस’ लॅटिन, त्याचा अर्थ बाजूला, अलग. देवनागरीत लिहिलं की दोन्ही एकसारखे दिसतात, इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र एकात ‘वाय’ आहे, एकात ‘आय’. एकाचं स्पेलिंग दुसऱ्याला दिलं तर गुण गेले.

‘इंटर’ आणि ‘इंट्रा’चंही तसंच. संस्कृत ‘अंतर्’ दोन्हीकडे ओढला जातो. पण मराठीनं हे काम आधीच करून ठेवलंय:

आंतरजातीय इंटर, दोघांच्या मधे उभा,
अंतर्गत तो इंट्रा, आतच त्याची सभा.

इंटरकोस्टल म्हणजे दोन बरगड्यांच्या मधलं. इंट्राव्हेनस आणि इंट्रामस्क्युलर म्हणजे शिरेच्या आत, स्नायूच्या आत. दिवसातून वीस वेळा चार्टवर आयव्ही-आयएम वाचशील तेव्हा ती सभा आठवेल.

कविता कशावर करायची, हे निवडणं म्हणूनच महत्त्वाचं. एकटंदुकटं सरळ मूळ असेल तर कविता नको, नुसतं वाच. जिथे दोन-तीन मुळं एकमेकांच्या वेषात फिरतात तिथे कविता कर. ‘पेड’ घे. लॅटिन ‘पेड’ म्हणजे पाय: पेडल, पेडेस्ट्रियन. ग्रीक ‘पेड’ म्हणजे मूल: पेडिअ‍ॅट्रिक्स. मग ऑर्थोपेडिक? हाडांच्या दवाखान्याचा फलक बघून सगळे पाय समजतात. निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरनं १७४१ मध्ये हा शब्द घडवला तो ‘ऑर्थोस’, म्हणजे सरळ, आणि ‘पेडिऑन’, म्हणजे मूल, यांतून. त्याचं पुस्तक मुलांच्या शरीरातले वाक सरळ करण्याबद्दल होतं.

ऑर्थो म्हणजे सरळ, पेड म्हणजे मूल,
पाय समजून बसलात तर पहिलीच पडेल भूल.

याहून अवघड चौकडी म्हणजे दुहेरी ‘आर’नं सुरू होणाऱ्या शेपट्या. मला स्वतःला ही रचना सगळ्यात आवडते, कारण तिच्यात एक गोष्ट घडते:

ऱ्हिया नुसती वाहते, ऱ्हेज फुटून येते,
ऱ्हेक्सिस उसवून टाकते, ऱ्हाफी शिवून देते.

डायरिया आणि ऱ्हायनोरिया ही वाहणारी (त्यातलं ‘ऱ्हेओ’ आपल्या ‘स्रवणे’च्या कुळातलं), हेमरेज फुटून येणारं, कार्डिओऱ्हेक्सिस म्हणजे हृदयाची भिंत फाटणं, आणि हर्निओऱ्हाफी म्हणजे हर्नियाची जागा टाके घालून दुरुस्त करणं. चार क्रियापदं, चार शेपट्या. मुळांवरच्या कवितेत नामांपेक्षा क्रियापदं जास्त कामाला येतात. ‘म्हणजे’ हा शब्द तुझ्या कवितेत जितका कमी येईल तितकी ती टिकेल. तो आला की समज, यादीच पद्याचे कपडे घालून आलीय. वरच्या ऑर्थोच्या ओळीत तो आहे आणि मला खटकतो, पण अजून त्याहून बरी ओळ कुणी आणून दिलेली नाही.

हाडांच्या नावांना मात्र गंमत म्हणूनच हात घाल. ती नावं ज्यांनी ठेवली त्यांच्या डोळ्यांपुढे घरातल्या वस्तू होत्या. लॅटिनमध्ये टिबिया ही बासरी, फिब्युला ही कपडा अडकवायची पिन, पटेला ही छोटी ताटली, क्लॅव्हिकल ही छोटी किल्ली. अ‍ॅसिटॅब्युलम, म्हणजे खुब्याची खोबण, ही व्हिनेगर ठेवायची वाटी. कॉक्सिक्स, म्हणजे माकडहाड, हे ग्रीकमध्ये कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याचं नाव आहे. हाडाचा आकार त्याच्या चोचीसारखा वाटला म्हणून.

नडगीत दडला पावा,
बाजूला पदराची पिन,
गुडघ्यावर पालथी वाटी —
टिबिया, फिब्युला, पटेला तीन.

गुडघ्याची वाटी तर आपण म्हणतोच. रोमन लोकांना ताटली दिसली, आपल्याला वाटी. डोळ्याची बाहुलीही तशीच. लॅटिन ‘प्युपिला’ म्हणजे छोटी मुलगी, बाहुली. जवळून समोरच्याच्या डोळ्यात बघितलं की स्वतःची इवलीशी प्रतिमा दिसते, ती. संस्कृतातला ‘कनीनिका’ही छोट्या मुलीवरूनच आलाय. असं काही सापडलं की तिथे कविता आपोआप होते, फार खटपट लागत नाही. लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्याचं नाव ड्युओडेनम, म्हणजे बारा-बारा. अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसनं त्याची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी मोजली आणि ग्रीकमध्ये तसंच नाव दिलं. लॅटिन नाव त्यावरूनच आलं.

बारा अंगुळे मोजले । ड्युओडेनम म्हणाले ॥

एवढंच. दोन ओळींत भागत असेल तर चार ओळी ओढू नयेत.

कविता जमेल का, या तुझ्या दुसऱ्या प्रश्नातच कोणता घाट निवडायचा हेही आलं. मी मुलींना आधी छोटा अभंग देते: आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. कानाला लहानपणापासून सवय असते, आणि अक्षरं मोजावी लागतात म्हणून फालतू शब्द गळून पडतात. ओवीला अक्षरांचं बंधन सैल, त्यामुळे तिच्यात दोन-तीन मूळशब्द सामावतात. हायकू बुद्धिमान मुलींना फार आवडतो, पण त्यात माहिती मावत नाही; एखादा नियम पकडायला ठीक. मुक्तछंद नको. तो कविता म्हणून कितीही चांगला असला तरी रात्री दोन वाजता ड्युटीवर तोंडात येत नाही.

काम असं कर. आठवड्यात वॉर्डात किंवा पुस्तकात जे शब्द अडले ते वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा. रविवारी त्यातली फसवी जोडी किंवा त्रिकूट निवड. प्रत्येक मुळाचे निदान तीन खरेखुरे शब्द गोळा कर; तीन मिळत नसतील तर ते मूळ सध्या सोड. मूळ ग्रीक किंवा रोमन माणसाला त्या शब्दातून डोळ्यांना काय दिसत होतं ते शोध: दगड, तोंड, ढाल, गोगलगाय. मूतखड्याला ‘कॅल्क्युलस’ म्हणतात कारण लॅटिनमध्ये तो खडाच आहे, आणि ‘कॅल्क्युलेट’ही त्याच खड्यांवरून, कारण रोमन लोक खडे मांडून हिशेब करत. मग अर्ध्या तासात लिही आणि मैत्रिणीला मोठ्यानं म्हणून दाखव. मैत्रीण जिथे अडखळेल तिथे एकतर लय चुकलीय किंवा अर्थ.

त्यानंतरची पायरी बहुतेक जणी गाळतात. चार-पाच दिवसांनी कविता आठवायची नाही. पूर्वी न पाहिलेला लांबलचक शब्द घ्यायचा आणि फोडायचा. कोलेसिस्टेक्टॉमी: कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे उच्छेद. फोडता आला तर कविता कामाची. कविता घडाघडा येते आणि शब्द फुटत नाही, असं झालं तर तू एक गाणं पाठ केलंस, इतकंच. मनगटाच्या हाडांसाठी सीनिअर मुली जी आद्याक्षरांची चावट वाक्यं शिकवतात, त्यांचंही हेच होतं: क्रम येतो, अर्थ येत नाही. क्रमासाठी ती खुशाल वापर.

मुळांवर कुठवर विसंबायचं, तेही सांगते. ‘आर्टरी’ हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांना धमन्यांतून हवा वाहते असं वाटायचं. ‘मलेरिया’ म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा. तो डासांमुळे होतो हे नंतर कळलं. पोलिओ या शब्दाचा अर्थ तर नुसता ‘करडा’ एवढाच आहे. पूर्ण नाव पोलिओमायलायटिस, म्हणजे मज्जारज्जूच्या करड्या भागाचा दाह. मुळातून अंदाज येतो, व्याख्या पुस्तकातूनच घ्यायची. रुग्णाच्या कागदावरचा शब्द नुसत्या अंदाजानं वाचायचा नाही. शंका आली तर सिस्टरला विचारायचं.

आणि मराठी कवितेतून स्पेलिंग येत नाही. अ‍ॅनिमिया ब्रिटिश पुस्तकात ‘ए-ई’ जोडीनं लिहितात, अमेरिकन पुस्तकात एकट्या ‘ई’नं, आणि आपल्या कॉलेजांत दोन्ही प्रकारची पुस्तकं असतात. कवितेखाली तिच्यातले शब्द रोमन लिपीत एकदा स्वच्छ लिहून ठेव, एकाच पद्धतीनं.

सुरुवात ‘मायो’, ‘मायेलो’ आणि ‘मायको’ या तिघांपासून कर: स्नायू, मज्जा, बुरशी. ‘मायो’च्या ग्रीक शब्दाचा दुसरा अर्थ उंदीर आहे, दंडाचा स्नायू आखडला की कातडीखाली काय पळतंय असं वाटतं ते बघ. मायोकार्डायटिस, ऑस्टिओमायलायटिस आणि डर्मॅटोमायकोसिस हे तीन शब्द पुढे आले आणि न अडखळता फोडता आले की पुढचं त्रिकूट घे.